मिनिटताईंच्या छातीवरचं उलटं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे आणि जन्मभर उलटा लटकत आलो आहे. यात माझी काही चूक नाही. मी मनगटावरचं नाही, भिंतीवरचं नाही, की उशाशी ठेवून गजर लावायचंही नाही. मी नर्सच्या छातीवरचं घड्याळ. रुग्णालयात हात सारखे धुवावे लागतात, म्हणून नर्सने मनगटावर काही बांधायचं नसतं. तेव्हा मला एका पिनेने तिच्या गणवेशाला डाव्या बाजूला अडकवतात, आणि माझी तबकडी मुद्दाम उलटी बसवलेली असते. समोरच्या माणसाला माझा बाराचा आकडा खाली दिसतो आणि सहाचा वर. पण नर्सने मान खाली घातली की तिला मी अगदी सरळ दिसतो. जगाला उलटा दिसलो तरी चालेल, आपल्या बाईला सरळ दिसायचं, हे मला जन्मतःच शिकवलं होतं.

पोटात ठेवून काय उपयोग, सांगूनच टाकतो. एकेचाळीस वर्षं मी कामाशी इमान राखलं, आणि तरी माझ्यावर खोटेपणाचा आळ आला. परक्याने घेतला असता तर मी हसून सोडून दिला असता. तो माझ्याच बाईने घेतला.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे लांबलचक बाकांवर बायका बसायच्या आणि डोळ्याला भिंग लावून आमच्या पोटात चाकं बसवायच्या. मला सेल लागत नाही. रोज सकाळी वीस वेळा चावी फिरवली की मी दिवसभर खूश असतो. माझा सेकंदकाटा लाल आणि चांगला लांब आहे, कारण वेळ सांगणं हे माझं वरवरचं काम. खरं काम म्हणजे माणसाची नाडी मोजून देणं. त्या कारखान्यातल्या बायकांनी मला डबीत घालताना शेवटचं एकदा कानाला लावलं होतं, ते मला अजून आठवतं.

माझी पहिली मालकीण म्हणजे मोठ्याबाई. तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या, पण वॉर्डात त्यांचा दरारा असा की त्यांची चप्पल वाजली तरी रुग्ण आपल्या चादरी सरळ करायचे. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, इंजेक्शन टोचताना रुग्णाशी काय बोलायचं, डॉक्टर चुकत असेल तर त्याला चारचौघांत न दुखावता कसं सांगायचं, सगळं त्या नव्या मुलींना शिकवायच्या. सोळा वर्षं मी त्यांच्या छातीवर होतो.

आता छातीवर लटकणाऱ्या घड्याळाला एक गोष्ट कळते, ती भिंतीवरच्याला सात जन्मांत कळायची नाही. आतलं हृदय कसं चाललंय ते. मोठ्याबाई सत्तेचाळीस वर्षांच्या झाल्या आणि त्यांचं हृदय मध्येच काहीतरी वेगळं करायला लागलं. एक ठोका घाईने यायचा, मग क्षणभर शांतता, मग एक दणका, आणि त्यानंतर अर्धा-एक मिनिट नुसती पळापळ. मी घाबरलो. त्याही घाबरायच्या, पण दाखवायच्या नाहीत. औषधांचं कपाट उघडायच्या आणि बाटल्या मोजत असल्यासारखं आत डोकं घालून उभ्या राहायच्या. धडधड थांबली की कपाट बंद करून पुन्हा कुणावर तरी ओरडायला मोकळ्या. असं तीनेक वर्षं चाललं. पुढे ते कमी होत गेलं आणि एक दिवस थांबलं. त्यांनी कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, बायकांना हे माहीत असणार, त्या आपापसांत बोलत असणार. घड्याळाला माणसांतलं काय कळतंय!

मोठ्याबाईंना बढती मिळाली आणि त्या वॉर्डातून कचेरीत गेल्या. जाताना त्यांनी मला काढून एका बावीस वर्षांच्या नव्या नर्सच्या गणवेशाला अडकवलं. म्हणाल्या, नाडी पूर्ण मिनिट मोजायची, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणाऱ्या मुली मला नकोत. त्या मुलीने ते वाक्य असं धरलं की पुढची पंचवीस वर्षं सोडलं नाही. कितीही गर्दी असो, बाहेर रुग्णवाहिका उभी असो, ती मनगट धरायची, मान खाली घालायची आणि माझा लाल काटा एक अख्खी फेरी पुरी करेपर्यंत जगाकडे बघायची नाही. सुरुवातीला बाकीच्या नर्सा हसायच्या. "आली बघ मिनिटताई, आता जेवणाची सुट्टी संपली समज," असं म्हणायच्या. पण चेष्टेतलं नाव अंगाला चिकटलं आणि पुढे डॉक्टरही तिला मिनिटताई म्हणायला लागले.

तुम्हांला वाटेल, पंधरा सेकंद काय नि साठ काय. एकदा काय झालं, पायाला पत्रा लागलेला एक गवंडी आला. नाडी दुसऱ्या नर्सने पाव मिनिट मोजून कागदावर बहात्तर लिहिली होती. टाके घालायला उभा होता एक कोवळा, नवा डॉक्टर, त्याचा पहिलाच आठवडा. ताईने आपल्या सवयीने गवंड्याचं मनगट पुन्हा धरलं. तीस सेकंद सगळं ठीक. चाळिसाव्या सेकंदाला एक ठोका गायब, पन्नासाव्याला आणखी दोन. तिने डॉक्टरला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. हृदयाचा आलेख काढला, आणि गवंड्याचं दुखणं पायापेक्षा वर निघालं. माणूस वाचला. त्या डॉक्टरने सगळ्यांसमोर म्हटलं की ताईंच्या मिनिटाने आज मला वाचवलं. त्या दिवशी ताईने घरी जाताना मला मऊ फडक्याने पुसलं. मित्रांनो, कौतुक म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं.

अशी वर्षं गेली. नवा डॉक्टर मोठा डॉक्टर झाला, त्याच्या कानशिलावर पांढरं आलं. ताई सेहेचाळीस वर्षांची झाली. तिची पाळी कधी दोन महिन्यांनी यायची, कधी पंधरा दिवसांनीच हजर. (पाळी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आज घरी आईला विचारावं. लाजायचं कारण नाही.) बसल्या बसल्या तिला घाम फुटायचा, कान लाल व्हायचे. आणि मग एके सकाळी, ती पुढच्या ड्यूटीच्या नर्सला रुग्णांची माहिती देत उभी असताना, माझ्या पाठीमागे एक ठोका घाईने आला. क्षणभर शांतता. मग दणका. मग पळापळ.

मी ओळखलं! अहो, हे तर तेच, मोठ्याबाईंचं! मला ओरडून सांगावंसं वाटलं की ताई, घाबरू नकोस, हे मी आधी एकदा बघितलंय, हे येतं आणि जातं. पण मला बोलता येत नाही, मला फक्त टिकटिक करता येते. मी जरा जोरात टिकटिक करायचा प्रयत्न केला. त्याने तिला काय कळणार, कप्पाळ?

पंधरा दिवस तिने कळ काढली आणि मग मोठ्या डॉक्टरला व्हरांड्यात गाठलं. दुसऱ्या कुणाकडे ती कशी जाईल? इतक्या वर्षांचा घरोबा. तिने सांगितलं की मध्येच धडधडतं, ठोका चुकल्यासारखं होतं. त्याच्या काखेत फायली, एका हातात फोन. दुसऱ्या हाताने त्याने तिचं मनगट धरलं. मी त्याच्या नाकासमोर लटकत होतो, तरी त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी मात्र मोजलं. दहा सेकंद. आणि ठोके तरी किती लबाड, नेमक्या त्या दहा सेकंदांत शहाण्यासारखे वागले.

"ताई, नाडी उत्तम आहे. वय झालं आता तुमचं-आमचं. टेन्शन घेऊ नका," असं म्हणून तो फोन कानाला लावून निघून गेला.

ज्या बाईने हजारो माणसांना आपलं पूर्ण मिनिट दिलं, तिच्या वाट्याला दहा सेकंद आले. ती तशीच व्हरांड्यात उभी राहिली, आणि ते मनगट तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवलं होतं. मला त्या डॉक्टरचा इतका राग आला की काय सांगू. कोवळा होता तेव्हा ताई, ताई करत मागे फिरायचा. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण इथे वैद्यानेच खरी करून दाखवली.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा जमिनीचे नकाशे काढण्याच्या कचेरीत आहे, माणूस प्रेमळ, पण त्याला कागदावर आखता येत नाही ती गोष्ट समजायला वेळ लागतो. तो म्हणाला, चहा कमी कर. मग थोडा विचार करून म्हणाला, आणि मोबाइलही. झाला इलाज! ती हो म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

आता ऐका माझी कर्मकथा. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत धडधड सुरू झाली तेव्हा ती नर्सांच्या खोलीत एकटी होती. तिने स्वतःचंच मनगट धरलं, मान खाली घातली आणि माझ्यावर पूर्ण मिनिट मोजलं. एकशे चोवीस, आणि वर तीन ठोके गळालेले. तिच्या ओठांवरचा रंग गेला. तिने मान वर केली आणि भिंतीवरचं घड्याळ बघितलं. त्यात एक वाजून सतरा मिनिटं झाली होती. माझ्यात एक वाजून दहा.

"अच्छा, म्हणजे तू मागे पडतोस," ती मला म्हणाली. आणि तिच्या तोंडावर हसू आलं, मित्रांनो. हसू!

तिचा हिशेब असा की घड्याळ मागे पडतंय, म्हणजे त्याचं मिनिट लांबलंय, म्हणजे त्यात ठोके जास्त बसले. म्हणजे हृदय ठीक, घड्याळ खोटं. नाचता येईना अंगण वाकडं! अहो, तिच्या नेहमीच्या ब्याऐंशी ठोक्यांचे एकशे चोवीस करायचे तर मला तासाला वीस मिनिटं मागे पडावं लागेल. सकाळी सातला कामावर आलेल्या बाईला मी दुपारी एकला अकरा दाखवले असते. चौथीतलं पोर हे गणित करून देईल. आणि ही बाई सलाइनचे थेंब मनातल्या मनात मोजणारी! पण माणूस घाबरलं की त्याला हवं तेच उत्तर आधी दिसतं, गणित त्याला मागाहून जोडतात. त्या दिवसापासून तिने मला रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं.

शनिवारी ती मला घड्याळजीकडे घेऊन गेली. अरुंद दुकान, म्हातारा माणूस, डोळ्याला भिंग. तिने सांगितलं की हे मागे पडतं. त्याने मला उघडलं, आत फुंकर मारली, दोन दिवस ठेवून जा म्हणाला. दोन दिवस त्याने मला आपल्या सगळ्यात खात्रीच्या घड्याळाशेजारी टांगलं आणि येता-जाता तपासलं. ती आली तेव्हा त्याने मला तिच्या हातावर ठेवलं.

"बाई, ह्याला काही झालेलं नाही. दोन दिवसांत एक सेकंद सोडला नाही ह्याने. तुमची तक्रार दुसरीकडची दिसते."

माझी छाती फुगली. घड्याळ धडधाकट आहे म्हटल्यावर कुठलंही गिऱ्हाईक खूश होतं. ही मटकन स्टुलावर बसली. दुसऱ्या दिवशी तिने वॉर्डातल्या मावशींना भिंतीवरच्या घड्याळाचं विचारलं. मावशींना हसू आवरेना. म्हणाल्या, ताई, तुम्हांला माहीत नाही होय, लोक उशिरा येतात म्हणून नव्या इन्चार्जबाईंनी ते सात मिनिटं पुढे सारलंय, तुम्ही रजेवर होता त्या दिवशीच. साऱ्या वॉर्डाला ठाऊक होतं, एक तिलाच नव्हतं.

तेव्हा माझं निर्दोषत्व सिद्ध झालं. तुम्हांला वाटेल, आता तिने मला परत छातीवर लावलं असेल. नाव नको! खोटं बोललो म्हणून शिक्षा झाली असती तर मी सोसली असती, पण मला शिक्षा झाली ती खरं बोललो म्हणून. मी खरा, म्हणजे एकशे चोवीस खरे, म्हणजे गळालेले ठोके खरे. असं तोंड तिला डोळ्यांसमोर नको होतं. तिने मला घरच्या कपाटाच्या खणात टाकलं, रबरबँड, वाळलेली पेनं आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या यांच्या संगतीत. दुसऱ्या दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी माझी चावी संपली आणि मी थांबलो.

थांबलेल्या घड्याळाला ऐकू येतं बरं का. खणातून मी ऐकलं, ताई नवऱ्याला कपडे धुण्याचं मशीन लावायला शिकवत होती. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, पावडर या कप्प्यात. दुसऱ्या दिवशी कुकर. मग कुठल्या डब्यात काय. नवरा बिचारा मजेत होता. म्हणाला, काय गं, एवढं ट्रेनिंग चाललंय, मला टाकून पळून जायचा बेत आहे की काय? ती म्हणाली, सांगता येत नाही. तो खो खो हसला. मग एके संध्याकाळी तिने खण उघडून एक घडी केलेला कागद आत ठेवला. डॉक्टरांचे नंबर, घराचे कागद कुठे आहेत, मुलगा वसतिगृहातून येईल तेव्हा त्याला कोण आणायला जाईल, सगळं त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. तो कागद माझ्याच अंगावर पडला. मित्रांनो, ती मरायची तयारी करत होती. आणि ती मरणार नाही हे त्या घरात ठाऊक असलेला मी एकटा, चावीवाचून मुका पडलो होतो.

दोन महिने असेच गेले. एका दुपारी खण धाडकन उघडला. ताईने मला बाहेर काढलं आणि वीस वेळा चावी दिली.  नवरा विचारत राहिला, काय झालं, काय झालं, तेव्हा तिने सांगितलं. वॉर्डात एका म्हाताऱ्या शिक्षकांची नाडी ती उसन्या घड्याळावर मोजत होती. सदतिसाव्या ठोक्याला तिचं स्वतःचंच हृदय पळायला लागलं आणि त्यांचे ठोके कुठले, आपले कुठले, कळेना. मोजणं सुटलं. आणि तिने कागदावर शहात्तर लिहून टाकले. अंदाजाने. दहा मिनिटांनी परत जाऊन पूर्ण मिनिट मोजलं तर चौऱ्याऐंशी भरले. तिने आकडा खोडून, खाली सही करून दुरुस्त केला. शिक्षकांना काहीच झालं नव्हतं.

नवरा म्हणाला, एक आकडा तर चुकला, तोही सुधारलास.

"चुकला नाही. मी तो बनवला," ताई म्हणाली. "मी मरायची तर मरेन. पण खोटा आकडा लिहून दुसऱ्या कुणाला मारणार नाही."

मरायची म्हटल्यावर नवऱ्याचा चेहरा बदलला. मशीन, कुकर, डबे, सगळं त्याच्या डोक्यात एकदम बसलं असावं. त्याने कचेरीत फोन करून उद्याची रजा सांगितली.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. त्याच रुग्णालयात वरच्या मजल्यावर बायकांचा विभाग, आणि तिथे ताईपेक्षा दहा वर्षांनी लहान एक डॉक्टरीणबाई. त्यांनी ताईला आधी खुर्चीत बसवलं. कधीपासून होतं, किती वेळ टिकतं, तेव्हा चक्कर येते का, दम लागतो का, छातीत दुखतं का, पाळी कशी आहे, झोप कशी आहे, सगळं विचारलं आणि मधे एकदाही फोन घेतला नाही. मग हृदयाचा आलेख काढला, सोनोग्राफी केली, रक्त आणि थायरॉइड तपासायला पाठवलं, आणि ताईच्या छातीला तारा चिकटवून एक चपटी डबी लावली. ती डबी एक दिवस, एक रात्र सगळे ठोके टिपून ठेवणार होती. मी तिच्या शेजारी, पुन्हा पिनेवर. खरं सांगू, मला थोडा हेवा वाटला. मी एकेचाळीस वर्षं ऐकतोय, मला कधी कुणी विचारलं नाही.

निकाल आले. डबीने ती धडधड पकडली होती. हृदय मजबूत, थायरॉइड ठीक, रक्त थोडं कमी. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समजावून सांगितलं. पाळी कायमची थांबण्याआधी काही वर्षं शरीरातली संप्रेरकं कधी वर जातात, कधी खाली येतात. त्याने अंगातून गरम वाफा येतात, झोप मोडते, आणि हृदयाचा ठोकाही अधूनमधून चुकतो किंवा पळतो. खूप जणींना हे होतं. बहुतेक वेळा त्यात धोका नसतो. पण शुद्ध हरपली, छातीत दुखलं, श्वास पुरेना झाला, तर वाट न बघता सरळ यायचं.

"धोका नाही हे तपासल्यावर म्हणायचं असतं, ताई. आधी नाही," त्या म्हणाल्या.

रक्तासाठी गोळ्या दिल्या, आणि दुपारनंतर चहा घेऊ नका म्हणाल्या. त्यावर नवरा उत्साहाने म्हणाला, मी म्हटलं नव्हतं? ताईने त्याच्याकडे असं बघितलं की तो जिना उतरेपर्यंत बोलला नाही. खाली आल्यावर ती थांबली, मान खाली घालून माझ्याकडे बघितलं आणि पुटपुटली, चुकलं रे माझं. एवढ्यावर मी सगळं विसरलो. घड्याळं अशीच भोळी असतात.

रविवारी ती मोठ्याबाईंकडे गेली. मोठ्याबाई आता शहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. ताई दर महिन्याला जायचीच, पण यावेळी ती उड्या मारत गेली. आपण वाचलो ही बातमी तिला सगळ्यांत आधी आपल्या गुरूला सांगायची होती. तिने सगळं सांगितलं, डॉक्टरचे दहा सेकंद, खण, कागद, डबी. मोठ्याबाई मान डोलावत ऐकत होत्या. मग सहज म्हणाल्या, "अगं, मलाही व्हायचं की हे. तीन वर्षं. औषधांच्या कपाटात डोकं घालून उभी राहायचे मी. मग गेलं आपोआप."

ताईने हातातला कप खाली ठेवला. तिने विचारलं, कुणाला सांगितलं होतंत? मोठ्याबाई म्हणाल्या, असलं काय सांगायचं, झाकली मूठ सव्वा लाखाची, वॉर्डात कळलं असतं तर म्हणाले असते की बाईची सद्दी संपली. त्या हसल्यासुद्धा. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

"तुम्ही मला चादरीचा कोपरासुद्धा दुमडायला शिकवलात," ताई म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "मी पाच महिने रोज मरत होते. तुम्हांला माहीत होतं, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

 ताईने पिनेवरून मला सोडवलं, त्यांच्या टेबलावर ठेवलं, चपला घातल्या आणि निघून गेली. मला वाटलं, जिना उतरून परत येईल. नाही आली. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी काय केलं होतं? पण मग आठवलं, मलाही माहीत होतंच की. त्या कपाटापाशी मी होतो. मला जीभ नाही, ही माझी सबब खरी आहे. ज्यांना जीभ होती त्यांचं काय?

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी घड्याळाने म्हणायचं असतं की मला पुसत जा, चावी देत जा, पाण्यात पाडू नका. ते तुम्ही कराल. मला वेगळं मागायचं आहे. तुमच्या घरातली आई, मावशी, आत्या कधी म्हणाली की छातीत धडधडतंय, तर "काही नाही, होतं असं" म्हणून खेळायला पळू नका. तिच्याजवळ बसा. कधीपासून होतंय ते विचारा, आणि तिला तपासायला घेऊन जा म्हणून घरात हट्ट धरा. हट्ट धरण्यात तुम्ही पटाईत आहात, हे मला ठाऊक आहे.

इथेच मी थांबणार होतो, पण काल सकाळी जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. ताई गेल्यापासून मोठ्याबाई मला रोज चावी देतात आणि नुसत्या बघत बसतात. काल त्यांनी मला मुठीत धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन लावला. त्यांना एक मुलगी आहे, पंचेचाळीस वर्षांची, लांब दुसऱ्या गावी असते. घाईत आहेस का, असं त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, मी तुझ्या वयाची होते तेव्हा माझं हृदय मध्येच धडधडायचं, मी कुणाला बोलले नाही, तुला ठाऊक असावं म्हणून आज सांगतेय.  पलीकडून आवाज येईपर्यंत मी सोळा सेकंद मोजले. मग मुलगी हळू आवाजात काहीतरी बोलली आणि मोठ्याबाईंची मूठ माझ्याभोवती आवळली.

"वर्ष झालं? अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

एवढं मोठ्याबाईंच्या तोंडून गेलं. आपण काय विचारलं ते त्यांना ऐकू आलं असावं. त्यांनी पायाने खुर्ची जवळ ओढली आणि हळूच बसल्या.

"बरं, आता सांग," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग."